पंचेचाळीस अंशाचं ऊन

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीतले टीव्ही हळू आवाजात बोलायला लागतात. कुणी नोटीस लावत नाही, कुणी कुणाला सांगत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरची ईशा यंदा दहावीला आहे हे चारही मजल्यांना ठाऊक असतं, आणि रोज जिन्यात मोठमोठ्याने फोनवर भांडणारे गृहस्थसुद्धा तिच्या दारावरून जाताना आवाज गिळतात. पंखा दोनवरून तीनवर आलेला असतो. कंपाउंडातला आंबा मोहोराने जड झालेला असतो आणि त्याखाली उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी पिवळट भुरका साचतो. मुलुंडच्या डोंगरावरून येणारा गारवा नऊ वाजेपर्यंत कसाबसा टिकतो. मग दुपार होते, लांबलचक, पांढरी, आणि गेटबाहेरच्या रसवंतीचे घुंगरू त्या दुपारीत कुठल्या कुठे नेऊन सोडतात.

मला दहावी होऊन वीस वर्षं उलटली. तरी हे दिवस आले की कुणीतरी माझा पेपर अजून तपासत बसलं आहे असं वाटत राहतं.

परवा ईशा वही घेऊन आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. तिची आई जिन्यात भेटली तेव्हा म्हणालीच होती, "काही खात नाही गं ही. प्रिलिमचे मार्क बघितल्यापासून नुसती पाण्यावर आहे." ईशा माझ्यासमोर बसली, वही उघडली, मिटली, आणि म्हणाली, "ताई, खरं सांग हां. हे साईन, कॉस, टॅन रोजच्या लाइफमध्ये लागतं कुठे? कुणाला लागतं? यार, कुणी झाडाची उंची काढायला जातं का?"

मला खरं तर खूप काही सांगता आलं असतं. इमारतींच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीत मी नकाशे काढते. कुठल्या टाकीची सावली कुठल्या महिन्यात किती वाजता कुठवर पोचेल हे काढायचं, हेच माझं काम. माझं पोट सावल्यांवर चालतं. पण तिने विचारलं तेव्हा ऑफिस आठवलं नाही. आठवली आमचीच गच्ची, आणि त्या गच्चीवर वाया गेलेला एक उन्हाळा. त्रिकोणमिती माझ्या आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी लागली ती दहावीच्या वर्षी, आणि तेव्हा तिने आईचा अख्खा मोसम खाल्ला. तिने म्हणजे मी. माझं गणित चुकलं, आईने ते खरं मानलं, आणि ते चुकलं होतं हे मी आईला वीस वर्षांत सांगितलेलं नाही.

"लागतं," मी ईशाला म्हणाले. "रविवारी गच्चीवर ये. टेप आणि काठी घेऊन ये."

आमची गच्ची मोठी नाही. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचे तीन बांबू, मधे चुनखडीसारखी पांढरी पडलेली फरशी. पण शिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ती गच्ची आईची असायची. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या. आई कणकवलीकडची. बाबांची कंपनी बंद पडली त्या वर्षी तिने घरापुरती वाळवणं घालता घालता चार बायकांची घातली, मग चाराच्या चाळीस झाल्या. संक्रांत झाली की बायका ऑर्डर सांगून जायच्या. आई सकाळी सातला पातेलं घेऊन वर चढायची. प्लॅस्टिकचे कागद अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची, आणि पळीने एकेक पापडी टाकत जायची, सगळ्या एका मापाच्या. ओल्या साबुदाण्यातून ऊन आरपार दिसायचं. दुपारी त्या पापड्यांच्या कडा आपोआप उचलल्या जायच्या, त्याचा एक बारीक कुरकुर आवाज येतो. तो आवाज ऐकायला गच्चीवर फार शांत बसावं लागतं. मी बसायचे. कावळ्यांपासून राखण करायला एक फाटकी काळी छत्री उघडून ठेवलेली असे, तिच्या सावलीत मी आणि माझी पुस्तकं.

टाकीच्या पायाशी फरशीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या काही रेघा होत्या. आडव्या, एकमेकींपासून वीतभर, कुठे हातभर अंतरावर. पोरांनी खेळायला ओढल्या असतील असं मी समजत आले. दर पावसाळ्यात पुसट व्हायच्या आणि पुन्हा कुणीतरी ओढायचं.

मी दहावीला गेले त्या वर्षी आमच्या दक्षिणेला, गल्लीपलीकडच्या बंद कारखान्याच्या जागेवर टॉवर उभा राहत होता. तोवर मुलुंडमध्ये आकाश कुणाच्या मालकीचं नसतं असं आम्हाला वाटायचं. दर आठवड्याला एक स्लॅब. दर आठवड्याला आम्ही वर बघायचो तर डोंगराचा एक तुकडा कमी झालेला. गेटवरच्या पाटीवर लिहिलं होतं, बावीस मजले. सोसायटीतल्या बायका गच्चीवर जमून एकमेकींना सांगायच्या, "आता आपली वाट लागली. कपडेसुद्धा वाळायचे नाहीत." आईला विचारलं तर म्हणायची, "बघू."

आणि त्याच जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला. भूमितीत मी नापास झाले. थोडीथोडकी नाही, चांगली सणसणीत. क्लासच्या सरांनी पेपर हातात देताना माझ्याकडे न बघता दिला, ते मला सरांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. ताटावर बसायचं, भात चिवडायचा, उठायचं. आई समोर बसून बघत राहायची. बाबा म्हणायचे, "दहावी म्हणजे काय जगबुडी नाही." पण तेही हळू आवाजात म्हणायचे, म्हणजे त्यांनाही ती थोडी जगबुडीच वाटत असणार.

त्रिकोणमितीचा धडा पुस्तकात अगदी शेवटी होता. त्यातली माणसं अजब होती. कुणी दीपगृहावर उभं राहून नावेकडे बघत होतं. कुणाचं झाड वादळात मोडून शेंडा जमिनीला टेकला होता, आणि झाड पडल्याचं दुःख सोडून तो माणूस त्याची मूळची उंची विचारत होता. एक मुलगा पतंग उडवत होता, आणि गणितात लिहिलेलं असायचं, दोऱ्याला झोळ नाही असे गृहीत धरा. ऐन संक्रांतीत मी ते वाचत होते. डोक्यावर खरे पतंग होते, आणि एकाही पतंगाचा दोरा सरळ नव्हता. सगळे पोटात झोळ घेऊन उडत होते. मला त्या धड्याचा राग आला, आणि राग आला म्हणून मी तो पुन्हा वाचला.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी डोक्यात आलं की आपल्याकडेही एक मनोरा आहे, एक सावली आहे, आणि एक प्रश्न आहे जो पुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा खरा आहे. आईच्या गच्चीवर ऊन राहील का?

मी कपडे वाळत घालायची काठी गच्चीत उभी धरली. पाच फुटांची काठी. सावली चार फुटांहून थोडी जास्त भरली. काठी आणि सावली सारखी असती तर सूर्य बरोबर पंचेचाळीस अंशांवर असता. सावली थोडी आखूड होती, म्हणजे सूर्य थोडा वर होता, पन्नासच्या आसपास. पण पुस्तकातल्या तक्त्यात पन्नास नव्हतेच. तीस, पंचेचाळीस, साठ, बस. त्यातल्या त्यात जवळचे पंचेचाळीस, म्हणून मी पंचेचाळीस धरले. टॅन पंचेचाळीस बरोबर एक, याहून गोड किंमत त्या तक्त्यात दुसरी नाही. बावीस मजले म्हणजे सहासष्ट मीटर. आमची इमारत तेरा मीटर, ती वजा. उरले त्रेपन्न. गल्ली, भिंती आणि कंपाउंड धरून टॉवर गच्चीपासून चाळीस मीटर दूर, गच्ची दहा मीटर रुंद. सावली गच्ची ओलांडून पलीकडे तीन मीटर जात होती.

मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच आलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गणित माझ्या हातात सुटलं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी त्याचं उत्तर छापलेलं नव्हतं. मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आले.

आई भाकऱ्या थापत होती. "आई, गच्चीवर ऊन येणार नाही," मी म्हणाले. "टॉवर पूर्ण झाला की सगळी गच्ची सावलीत. मी काढलंय."

आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि वही घेतली. आई सातवीपर्यंत शिकलेली. ती त्या पानाकडे खूप वेळ बघत राहिली. मी काढलेला त्रिकोण, त्याच्या डोक्यावर काढलेला छोटासा सूर्य, खाली दुहेरी रेघ मारलेलं उत्तर.

"हे सगळं तू काढलंस?"

"हो."

"सरांना न विचारता?"

"हो ना."

"हुशार गो माझी बाय," आई म्हणाली आणि वही मला परत दिली.

त्या दुपारी मी कुळथाच्या पिठीत भाकरी कुस्करून खाल्ली, आणि आणखी एक मागून घेतली. खिडकीतून पतंग काटणाऱ्या पोरांची आरडाओरड ऐकू येत होती. मला आठवतं ते इतकंच की भाकरी गरम होती आणि मला सगळं सोपं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात बायका ऑर्डर सांगायला आल्या. आईने प्रत्येकीला दारातच सांगितलं, "यंदा नाही. ऊन नाही यायचं गच्चीवर. आमच्या चेडवान गणित करून काढलंय." हे ती इतक्या अभिमानाने सांगायची की बायका माझ्याकडे वळून बघायच्या. मी पुस्तकात डोकं घालायचे आणि आतून फुगायचे. मग त्या बायका भांडुपच्या एका बाईंकडे जायला लागल्या. मार्चमध्ये आई स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात कामाला लागली. सकाळी नऊ ते चार, उभ्याने, दुसऱ्याच्या शेगडीपुढे.

माझे पेपर झाले. भूमितीच्या पेपरात मनोऱ्याचं गणित आलं, साठ अंशांचं. ते मी डोळे मिटून सोडवलं.

मे महिन्यातली ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते. स्वप्नात ती जशी दिसते तशीच ती खरोखर होती, म्हणून नेमकी कुठली आठवते ते मला सांगता येत नाही. आई केंद्रावर होती. मी वाळलेल्या चादरी आणायला वर गेले. दार उघडलं आणि उजेडाने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा गच्चीवर काहीच नव्हतं, नुसतं ऊन होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका वितीचीही कुठे सावली नाही. टाकीची सावली टाकीच्या पोटाखाली शिरली होती. बांबूंच्या सावल्या बांबूंच्या बुडाशी गोळा झाल्या होत्या. मी माझ्या पायांकडे बघितलं तर मलासुद्धा सावली नव्हती, तळव्यांभोवती जेमतेम काळी किनार. समोर टॉवर उभा होता, बाविसाच्या बावीस मजल्यांचा. त्याची सावली त्याच्याच पायाशी निमूट बसली होती.

कोपऱ्यात आईच्या प्लॅस्टिकच्या कागदांची गुंडाळी टाकीला टेकवून ठेवलेली होती.

पुस्तकातला सूर्य तीनच जागी उभा राहतो. आमच्या गच्चीवरचा सूर्य पौषात दक्षिणेला कलतो, मग रोज थोडा थोडा वर चढत वैशाखात थेट टाळूवर येतो. त्या दिवसांत दुपारी माणसाला सावली उरत नाही, हे आता शाळेतली मुलंसुद्धा हौसेने अंगणात उभी राहून बघतात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी संक्रांतीचा सूर्य मोजला आणि तोच वर्षभर राहील असं धरून चालले. वाळवणं घालतात चैत्र-वैशाखात. संक्रांतीच्या उन्हात पापड वाळत घालायला कुणी सांगितलं होतं?

संध्याकाळी आई आली. पायरीवर बसली. उभं राहून राहून तिचे घोटे सुजायचे, कोपरापर्यंत पीठ वाळलेलं असायचं. मी सांगणार होते. शब्द जिभेवर होते. मी आत गेले, पाणी गरम केलं, त्यात मीठ टाकलं, घमेलं आणून तिच्या पायाशी ठेवलं. तिने पाय बुडवले आणि डोळे मिटले. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही पाणीच गरम केलं. तिसऱ्याही. जून उजाडला, आणि मग सांगण्यात काही अर्थ राहिला नाही, असं मी मनाला समजावलं. मनाला काय, ते लगेच समजतं.

पुढच्या वर्षी आईने पुन्हा कागद अंथरले. कुणा काकूंनी म्हणे तिला सांगितलं होतं, अहो, वर चांगलं ऊन येतंय की. पण जुन्या बायकांतल्या निम्म्याशिम्म्याच परत आल्या. भांडुपच्या बाईंचे पापड त्यांना आवडायला लागले होते. आईचा पसारा मग कधी पूर्वीसारखा झाला नाही.

मी सावल्यांच्या धंद्यात का शिरले, असं कुणी विचारलं तर मी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर देते. खरं कारण ते घमेलं आहे. आता मी तक्त्यातल्या तीन कोनांवर विसंबत नाही. वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा, प्रत्येक तासाचा सूर्य माझ्या संगणकात आहे. घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर मी उभी राहते, आणि लोक आजच्या उन्हाकडे बोट दाखवून म्हणतात, "मॅडम, इथे झकास ऊन आहे, इथेच लावा." मी म्हणते, थांबा, डिसेंबरचं बघू. त्यांना वाटतं बाई फार काटेकोर आहेत. बाई फक्त एकदा पोळलेल्या आहेत.

आणि मग सगळीकडे कोनच दिसायला लागतात. आमच्याकडे रंगकाम करायला आलेला रंगारी शिडी भिंतीला टेकवून तिच्या पायाशी पंजे जुळवून उभा राहिला आणि हात सरळ पुढे केले. हाताला पायरी लागली तशी तो म्हणाला, "बरोबर लागली." तो वर चढल्यावर मी फोनवर कोन मोजला. पंच्याहत्तर अंश. शिडी ना घसरेल ना मागे उलथेल, असा नेमका. त्याला टॅन ठाऊक नव्हता. गवंडी दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून काटकोन काढतात. छत्री किती कलती धरायची हे पावसाला विचारून कुणी ठरवत नाही, मनगट ठरवतं. या माणसांना आपण गणित येत नाही असं म्हणतो. ते आपल्याला काहीच म्हणत नाहीत.

पण माझ्या मनात राहून गेलेलं वाक्य ते पतंगाचंच. दोऱ्याला झोळ नाही असे गृहीत धरा. मी माझं आणि आईचं वीस वर्षं तसंच धरून चालले होते. एका टोकाला मी, एका टोकाला ती, मधे ताणलेलं एक गुपित, आणि ते फक्त माझ्या हातात आहे अशी माझी समजूत.

रविवारी ईशा टेप आणि काठी घेऊन आली. आई आधीच वर होती. आता ती अडुसष्टची. आता ऑर्डर नाहीत. घरापुरत्या, माझ्या भावाच्या मुलांपुरत्या पापड्या, दोन कागदांवर मावतील इतक्या. तरी गच्चीवर चढताना ती कुणाला पातेलं धरू देत नाही.

दक्षिणेला त्या जुन्या टॉवरशेजारची बैठी चाळ पाडून आता नवा टॉवर चालू आहे. चाळीस मजले, असं बांधकामाच्या पत्र्यावरच्या चित्रात लिहिलं आहे. ईशाने काठी उभी धरली. दुपारचे साडेबारा. मी मुद्दाम दूर कठड्याला टेकून उभी राहिले. ती पुटपुटत होती, मोजत होती, ओठ चावत होती. डोक्यावर घार गोल फिरत होती. खाली रसवंतीचे घुंगरू वाजत होते. मला क्षणभर कळेना की काठी धरून उभी आहे ती कोण आहे.

"ताई, साठ अंश येतात, ऑलमोस्ट," ईशा ओरडली. मग ती फरशीवर मांडी घालून बसली आणि वहीत लिहीत सुटली. चाळीस मजले, एकशे वीस मीटर. तेरा वजा. भागिले टॅन साठ, म्हणजे एक पूर्णांक त्र्याहत्तर. तिचा चेहरा हळूहळू उघडत गेला. पाच मिनिटांनी ती उठली.

"बासष्ट मीटर सावली. आजी, तुमच्या गच्चीवर ऊन येणारच नाही! टॉवर झाला ना, की सगळं संपलं. बघा, मी काढलंय."

तेच. फेब्रुवारीचा सूर्य, आणि त्याला वर्षभर खिळवून ठेवलेला. मी तोंड उघडलं. हे तर माझं रोजचं काम होतं. अगं, चैत्रात सूर्य कुठे असतो बघ, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

आईने पळी पातेल्यात ठेवली, हात पदराला पुसले आणि ईशाची वही घेतली. खूप वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

"हे सगळं तू काढलंस?"

"हो."

"ताईला न विचारता?"

"हो ना, आजी."

"हुशार गो माझी बाय," आई म्हणाली.

ईशाने वही घेतली आणि ती जिन्याकडे पळाली. दोन-दोन पायऱ्या उतरताना चपलांचा आवाज आला, मग तिसऱ्या मजल्यावरून तिची हाक, "मम्मी, जेवायला काय आहे गं?"

गच्चीवर आम्ही दोघी राहिलो. मला उन्हातही गार वाटत होतं. मी आईच्या समोर उकिडवी बसले.

"आई, तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"काय?"

"ऊन येणार होतं ते. माझं गणित चुकलेलं."

आईने एक पापडी टाकली. पळीच्या बुडाने गोल फिरवून सारखी केली. "अगो, लग्न होऊन आल्यापासून मी ह्या गच्चीवर वाळत घालतेय. संक्रांतीची सावली आणि चैत्राची सावली मला कळायची नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"पेपर झाले की बोलायचं म्हटलं होतं. तोवर बायका भांडुपला गेल्या. मग काय बोलायचं?"

"पण सगळ्या ऑर्डरी सोडल्यास. तिथे उभ्याने पोळ्या लाटल्यास. कशासाठी?"

आईने पळी पातेल्याच्या काठाला निथळली.  

"त्या दिवशी तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास," ती म्हणाली. "पंधरा दिवस पोटात अन्न नव्हतं तुझ्या."

मला रडू आलं. लपवायला तिथे सावलीही नव्हती. मी म्हणाले, "आई, मलाही कळलं होतं. मे महिन्यातच. मी तुला सांगितलं नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"गरम पाणी द्यायला लागलीस ना रोज," आई म्हणाली, आणि पुढची पापडी टाकली.

पातेलं रिकामं झाल्यावर ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. टाकीपाशी गेली. कोपऱ्यातून विटेचा एक तुकडा उचलला, आणि वाकून, टाकीची सावली जिथे संपत होती तिथे फरशीवर एक रेघ ओढली. तिच्या पलीकडे गेल्या वर्षीची एक पुसट रेघ होती, तिच्या अलीकडे आणखी पुसट दुसरी. मी लहानपणापासून त्या ओलांडत आले होते.

"ही शिवरात्रीची," तिने टाकीकडे सरकत बोट दाखवलं. "पाडव्याची इथे. अक्षय्य तृतीयेची इथे. त्यापुढे रेघ लागत नाही."

मग तिने वीट खाली ठेवली आणि हात झटकले.

"ईशाचा भूमितीचा पेपर कधी आहे?"

"बुधवारी."

"मग गुरुवारी सांग तिला," आई म्हणाली. "आधी नको."